बूट होताना कोण आधी, कोण नंतर

कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून लॉगिनची जागा दिसेपर्यंत बरंच काही घडतं, पण युनिक्सच्या कुळातल्या यंत्रांत त्यातला कर्नलचा वाटा लवकर आटोपतो. कर्नल मेमरीत येतो, हार्डवेअर ओळखतो, मुख्य डिस्क जोडून घेतो आणि एकच प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचं नाव इनिट, प्रोसेस क्रमांक 1. उरलेल्या डिस्क तपासून जोडायच्या, नेटवर्क उभं करायचं, लॉग लिहिणारा, मेल पोचवणारा, दुरून लॉगिन करू देणारा असे पडद्यामागचे प्रोग्रॅम चालू करायचे, हे सगळं काम बीएसडी घराण्यात एका साध्या शेल स्क्रिप्टवर सोपवलेलं असतं. ही स्क्रिप्ट ‘ईटीसी’ डिरेक्टरीत ‘आरसी’ या नावाने बसलेली असते, आणि तिच्या हाताखाली ‘आरसी डॉट डी’ डिरेक्टरीत छोट्या छोट्या स्क्रिप्टांची फौज असते. एका सर्व्हिसला एक स्क्रिप्ट.

ही फौज मुळात एका सिस्टिमसाठी उभी राहिली आणि पुढे सख्ख्या-चुलत सिस्टिमांमध्ये पोचली. ती नेणारे बहुतेक जण हौसेने, आपला वेळ घालून काम करणारे होते. वरवर पाहता काम अगदी किरकोळ वाटतं: वीस-पंचवीस ओळींची टेक्स्ट फाइल इकडून उचलायची, तिकडे ठेवायची. पण ज्याने हे एकदा केलंय त्याला विचारा. ओळी जातात हो, ओळींमागची गृहीतकं जात नाहीत.

घराणं

नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी या दोन्ही प्रकल्पांचा जन्म 1993 चा. दोघांचं मूळ 386बीएसडी या एकाच सिस्टिममध्ये आहे. ओपनबीएसडी 1995 मध्ये नेटबीएसडीतून वेगळी झाली. ड्रॅगनफ्लाय बीएसडी 2003 मध्ये मॅथ्यू डिलन यांनी फ्रीबीएसडीच्या 4 क्रमांकाच्या मालिकेतून फोडली. चौघींचा सोर्स कोड खुला, परवाने एकाच वळणाचे, शेल आणि डिरेक्टऱ्यांची मांडणी बरीचशी सारखी. त्यामुळे एकीतली चांगली गोष्ट दुसरीने उचलणं हा इथला रोजचा व्यवहार आहे. अट इतकीच, की कॉपीराइटची नोंद पुसायची नाही.

पूर्वी या सगळ्यांत बूट होण्याचं काम एकाच लांबलचक आरसी फाइलमध्ये, फार तर तिच्या दोन-चार जोडफाइलींमध्ये होतं. फाइल वरून खाली वाचत गेलं की कशानंतर काय होतं ते कळायचं, हा तिचा मोठा गुण. दोष दोन. एक म्हणजे चालू यंत्रावर एखादीच सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करायची तर सोय नव्हती. फाइल उघडून ती कुठल्या पर्यायांसह सुरू होते ते शोधायचं आणि हाताने टाइप करायचं. दुसरा, बाहेरून बसवलेल्या प्रोग्रॅमला मधल्याच एखाद्या जागी स्वतःला घुसवता येत नसे. ती जागा मिळवायला सिस्टिमची मूळ फाइल बदलावी लागे, आणि पुढच्या अपग्रेडला तो बदल पुसला जाई.

सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्स घराण्याने यावर वेगळा उपाय काढला होता: प्रत्येक सर्व्हिसची वेगळी स्क्रिप्ट, आणि क्रम ठरवायला नावाआधी आकडे. एस 20, एस 80 वगैरे. त्याने सर्व्हिसा सुट्या झाल्या, पण 80 च का, 75 का नाही, याचं उत्तर त्या आकड्यात नसतं. ते आकडा देणाऱ्याच्या डोक्यात राहतं.

नेटबीएसडीने डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या 1.5 आवृत्तीत सुट्या स्क्रिप्टा घेतल्या, आकडे मात्र घेतले नाहीत. ल्यूक म्यूबर्न यांनी या रचनेवर 2001 च्या यूजनिक्स परिषदेत निबंध सादर केला. पुढच्या सगळ्या स्थलांतरांचं मूळ या रचनेत आहे, म्हणून ती नीट पाहून घेऊ.

चार कमेंट आणि एक लायब्ररी

पंगतीत तूपवाल्याला ‘तुझा नंबर सातवा’ असं कुणी सांगत नाही. पानात वरण-भात पडला की तो निघतो. मधे कुणी नवीन चटणी आणली तरी त्याचं काही बिघडत नाही. नेटबीएसडीच्या स्क्रिप्टा याच रीतीने आपला क्रम सांगतात.

प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर काही कमेंट असतात. शेल त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, पण ‘आरसीऑर्डर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम त्याच वाचतो. ‘प्रोव्हाइड’ या ओळीत ही स्क्रिप्ट काय पुरवते ते नाव. ‘रिक्वायर’मध्ये आपल्याआधी काय झालेलं हवं. ‘बिफोर’मध्ये आपण कुणाच्या आधी जायला हवं. ‘कीवर्ड’मध्ये खास खुणा. नेटबीएसडीतल्या एसएसएचडीच्या, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या सर्व्हिसच्या, स्क्रिप्टवर पहिल्या ओळीत ‘प्रोव्हाइड: एसएसएचडी’ आणि दुसरीत ‘रिक्वायर: लॉगिन’ असतं. बूट होताना आरसीऑर्डर सगळ्या फाइलींच्या या ओळी गोळा करतो, कोण कुणावर अवलंबून आहे याचं जाळं विणतो आणि त्यातून एक सरळ यादी काढून देतो. मुख्य आरसी ती यादी घेऊन एकेक स्क्रिप्ट चालवते.

वरच्या उदाहरणातलं ‘लॉगिन’ ही कुठली सर्व्हिस नाही, तो मैलाचा दगड आहे. डिस्क्स, नेटवर्किंग, सर्व्हर्स, डीमन, लॉगिन अशा काही फाइली नेटबीएसडीत मोठ्या लिपीतल्या नावांनी ठेवलेल्या आहेत. त्या काहीच काम करत नाहीत, फक्त टप्पे दाखवतात. नवीन सर्व्हिस लिहिणाऱ्याला सगळ्या स्क्रिप्टांची नावं पाठ नसली तरी चालतं. ‘लॉगिनचा टप्पा आल्यावर मला चालवा’ एवढं सांगितलं की झालं.

दुसरा भाग म्हणजे ‘आरसी डॉट सबर’ ही सामाईक लायब्ररी. सुरू कर, थांबव, पुन्हा सुरू कर, चालू आहे का सांग, हे प्रत्येक स्क्रिप्टने नव्याने लिहायची गरज नाही. स्क्रिप्ट फक्त काही व्हेरिएबल भरते: सर्व्हिसचं नाव, प्रोग्रॅमचा पत्ता, प्रोसेस क्रमांक जिथे लिहून ठेवला जातो ती फाइल. मग शेवटच्या दोन ओळींत सेटिंग वाचायचं फंक्शन आणि हुकूम अमलात आणायचं फंक्शन बोलावते. उरलेलं लायब्ररी बघते. हुकमाआधी ‘वन’ लावला तर सेटिंगमध्ये सर्व्हिस बंद असली तरी एकदा चालवून पाहता येते. ‘फास्ट’ लावला तर आधीपासून चालू आहे का ही तपासणी वगळली जाते, जी बूट होताना निरर्थकच असते.

पहिला मुक्काम: फ्रीबीएसडी

फ्रीबीएसडीने ही रचना जानेवारी 2003 मध्ये आलेल्या 5.0 आवृत्तीत घेतली. लायब्ररी आली, आरसीऑर्डर आला, स्क्रिप्टा आल्या, आणि पहिली ठेच लागली ती अगदी साध्या प्रश्नावर: एखादी सर्व्हिस चालू ठेवायची हे वापरणाऱ्याने कसं सांगायचं?

दोन्हीकडे हे ‘आरसी डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहितात. पण नेटबीएसडीत नुसतं ‘एसएसएचडी=येस’ लिहितात, तर फ्रीबीएसडीत ‘एसएसएचडी_एनेबल="येस"’. शेपटीचा फरक. तरी तो बदलणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण ही फाइल प्रकल्पाची नसून वापरणाऱ्याची असते. जगभरच्या यंत्रांवर ती आधीच लिहिलेली होती. शेपटी काढा म्हटलं असतं तर अपग्रेडनंतर त्या यंत्रांवरच्या सर्व्हिसा सुरूच झाल्या नसत्या.

मग काढलेला तोडगा असा: आपण कुठल्या सिस्टिमवर आहोत ते पाहून योग्य ते नाव तयार करून देणारं फंक्शन लायब्ररीत घातलं. स्क्रिप्टने त्या फंक्शनला विचारायचं, नेटबीएसडीवर नुसतं नाव मिळेल, फ्रीबीएसडीवर शेपटीसह. म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे चालावी. याच हेतूने अनेक स्क्रिप्टांच्या पोटात ‘सिस्टिम फ्रीबीएसडी असेल तर हे, नेटबीएसडी असेल तर ते’ अशा फांद्या लिहिल्या गेल्या, आणि कीवर्डच्या ओळीत ही फाइल कुठल्या सिस्टिमवर लागू आहे त्यांची नावं आली. शिवाय नव्या रचनेवर विश्वास बसेपर्यंत जुनी वाट उघडी ठेवली होती. 5.0 मध्ये एक सेटिंग ‘नो’ केलं की यंत्र जुन्या पद्धतीने बूट होई.

हेतू स्तुत्य होता. एक फाइल, दोन घरं, दुरुस्ती एकदाच. पण व्यवहारात तो टिकला नाही. फ्रीबीएसडीवर काम करणाऱ्याला नेटबीएसडीची फांदी तपासायला यंत्रच हाताशी नसे, म्हणून तो तिला हात लावत नसे. ती फांदी न तपासलेली, न चाललेली, नुसतीच फाइलमध्ये पडून राही. पुढच्या काही वर्षांत फ्रीबीएसडीने सिस्टिमची नावं सांगणारे कीवर्ड काढून टाकले आणि त्या फांद्याही छाटल्या. नाव तयार करणारं फंक्शन मात्र 2012 पर्यंत टिकलं. ते गेलं त्याचं कारण वेगळंच होतं. शेलमध्ये फंक्शनचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायचं तर त्या पद्धतीत एक नवा उपशेल जन्माला येतो. प्रत्येक स्क्रिप्टमागे एक, आणि स्क्रिप्टा शंभराच्या घरात. मोठ्या यंत्रावर हे लक्षातही येत नाही, पण छोट्या एम्बेडेड बोर्डांवर बूट व्हायला लागणारा जादा वेळ जाणवत होता. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये त्या फंक्शनच्या जागी थेट शेपटीसह नाव लिहून टाकलं.

म्हणजे फाइली सामाईक राहिल्या नाहीत. सामाईक काय राहिलं? कमेंटांच्या त्या चार ओळी, लायब्ररीच्या फंक्शनांची नावं आणि टप्प्यांची कल्पना. आज नेटबीएसडीवर रुळलेला माणूस फ्रीबीएसडीची स्क्रिप्ट सहज वाचतो, ती लिहू शकतो, आणि तरीही दोन्हीकडची फाइल ओळीला ओळ सारखी नसते. स्थलांतरात जे खरोखर पोचलं ते हे व्याकरण.

दुसरा मुक्काम: ड्रॅगनफ्लाय

ड्रॅगनफ्लायची गंमत अशी, की ती फ्रीबीएसडीच्या 4 मालिकेतून निघाली, जिच्यात नवी रचना नव्हतीच. तिथे अजून जुनी लांब आरसी फाइल चालत होती. नवी रचना होती फ्रीबीएसडी 5 मध्ये, ज्या वाटेने जायचं नाही असं ठरवूनच डिलन वेगळे झाले होते. मतभेद कर्नलच्या रचनेवर होते, स्क्रिप्टांवर नव्हते. त्यामुळे प्रकल्प सुरू झाल्यावर लवकरच फ्रीबीएसडी 5 मधली स्क्रिप्टांची ही व्यवस्था ड्रॅगनफ्लायमध्ये आणली गेली.

इथे अडचण उलट्या बाजूची होती. स्क्रिप्टा 5 च्या, अंग 4 चं. उदाहरणार्थ फ्रीबीएसडी 5 मध्ये डिस्क, टर्मिनल वगैरेंच्या फाइली कर्नल स्वतःच डेव्हएफएस नावाच्या फाइलसिस्टिममधून दाखवत असे, आणि त्यांचे नियम लावणारी स्क्रिप्ट आरसी डॉट डीमध्ये होती. 4 च्या अंगात त्या फाइली हाताने, एका स्क्रिप्टने बनवून ठेवाव्या लागत. ड्रॅगनफ्लायला स्वतःची डेव्हएफएस मिळाली ती 2009 मध्ये. तोवर नियम लावणारी ती स्क्रिप्ट आणून उपयोग नव्हता. म्हणून आणणाऱ्याने प्रत्येक फाइल उघडून विचारायचं: ही जी कमांड बोलावते ती आपल्याकडे आहे का? जे कर्नल सेटिंग बदलते ते आपल्या कर्नलमध्ये त्याच नावाने आहे का? नसेल तर स्क्रिप्ट वगळायची. ती वगळली की तिच्यावर अवलंबून असलेल्यांच्या रिक्वायरमधूनही तिचं नाव काढायचं.

ड्रॅगनफ्लायने नंतर आपली भरही घातली. ‘आरसीस्टार्ट’, ‘आरसीस्टॉप’, ‘आरसीरीस्टार्ट’ अशा छोट्या कमांड दिल्या, ज्यांना पूर्ण पत्ता न देता नुसतं सर्व्हिसचं नाव पुरतं.

एक स्क्रिप्ट हातात घेऊन

आता समजा नेटबीएसडीवर चालणारी एका लहान नेटवर्क सर्व्हिसची स्क्रिप्ट फ्रीबीएसडीवर न्यायची आहे. अनुभवी माणूस कोणत्या क्रमाने जातो?

पहिल्यांदा तो रिक्वायरची ओळ पाहतो, कारण सगळ्यात फसवी तीच. नेटबीएसडीत नेटवर्क उभं करणाऱ्या स्क्रिप्टचं नाव ‘नेटवर्क’. फ्रीबीएसडीत ते काम ‘नेटइफ’ आणि ‘राउटिंग’ अशा दोघांत वाटलेलं आहे. नेटबीएसडीत ‘डिस्क्स’ हा टप्पा आहे, फ्रीबीएसडीत ‘फाइलसिस्टम्स’. जुनं नाव तसंच राहिलं तर काय होतं? आरसीऑर्डर बूट थांबवत नाही. ‘या गरजेला पुरवठादार नाही’ अशा अर्थाची सूचना देतो, ती अट सोडून देतो आणि पुढे जातो. त्यातही फ्रीबीएसडीची मुख्य आरसी या सूचना पडद्यावर येऊच देत नाही, थेट कचऱ्यात पाठवते. परिणामी सर्व्हिस कुठेतरी भलत्याच जागी, कदाचित नेटवर्कच्या आधी, सुरू होते. कधी चालते, कधी नाही. म्हणून आरसीऑर्डर हाताने चालवून त्याच्या सूचना वाचणं ही पहिली सवय. दोन स्क्रिप्टा एकमेकींची वाट पाहत बसल्या असतील तर तेही तिथेच दिसतं.

मग सेटिंगचं नाव: शेपूट जोडायची आणि वापरणाऱ्याने काहीच लिहिलं नसेल तर ‘नो’ धरायचं. बसवल्या बसवल्या कुठलीही बाहेरची सर्व्हिस आपोआप चालू होऊ नये, हा इथला शिरस्ता आहे.

त्यानंतर पत्ते. बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम नेटबीएसडीत ‘यूएसआर’खाली ‘पीकेजी’मध्ये जातात, फ्रीबीएसडीत ‘लोकल’मध्ये. हा पत्ता फाइलमध्ये पक्का लिहून ठेवत नाहीत. नेटबीएसडीच्या पॅकेजव्यवस्थेत, म्हणजे पीकेजीसोर्समध्ये, स्क्रिप्टच्या साच्यात पत्त्याच्या जागी खुणेचा शब्द असतो आणि पॅकेज बांधताना तिथे खरा पत्ता भरला जातो. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्येही हीच पद्धत, खूण मात्र वेगळी. पीकेजीसोर्सच्या साच्यांत आणखी एक सावधगिरी दिसते. तिथल्या बऱ्याच स्क्रिप्टा आधी बघतात, की सामाईक लायब्ररी या यंत्रावर आहे का. असेल तर तिच्याकडून काम करून घेतात, नसेल तर प्रोग्रॅम सरळ सुरू करतात. पीकेजीसोर्स बीएसडीखेरीज इतर अनेक सिस्टिमांवरही वापरतात, म्हणून ही काळजी.

चौथी पायरी प्रोसेस ओळखण्याची. लायब्ररी प्रोसेस क्रमांकाच्या फाइलवर आंधळा विश्वास ठेवत नाही. त्या क्रमांकाची प्रोसेस खरंच आपल्या प्रोग्रॅमच्या नावाची आहे का, ते ताडून पाहते. प्रोग्रॅम पर्ल किंवा पायथनमध्ये लिहिलेला असेल तर प्रोसेसच्या यादीत नाव दिसतं ते पर्लचं किंवा पायथनचं. स्क्रिप्टमध्ये इंटरप्रिटर वेगळा सांगितला नसेल, किंवा दोन यंत्रांवर त्याचा पत्ता वेगळा असेल, तर सर्व्हिस सुरळीत चालत असूनही स्थिती विचारल्यावर ‘चालू नाही’ असं उत्तर येतं आणि थांबवायला गेलं तर थांबत नाही. सुरू होते म्हणजे झालं, अशा समजुतीत राहणाऱ्याला ही चूक नेमकी नंतर सापडते.

पाचवं, कीवर्ड. यंत्र बंद होताना ‘शटडाउन’ हा कीवर्ड असलेल्या स्क्रिप्टाच उलट्या क्रमाने थांबवल्या जातात. बाकीच्या प्रोसेसना इनिट एकगठ्ठा सिग्नल देऊन संपवतो. डेटाबेससारख्या सर्व्हिसला नीट आवरायला वेळ हवा असेल तर ही खूण विसरून चालत नाही. फ्रीबीएसडीत ‘नोजेल’ नावाचीही खूण आहे: जेल या बंदिस्त वातावरणात ही स्क्रिप्ट चालवू नका. नेटबीएसडीत जेल नाही, त्यामुळे मूळ फाइलमध्ये ही खूण असण्याचा प्रश्नच नाही. ती विचार करून घालावी लागते.

शेवटी चाचणी. ‘वनस्टार्ट’ करून पाहायचं, स्थिती विचारायची, थांबवायची, दोनदा थांबवायची, सेटिंग चालू करून खरोखर रीबूट करायचं, आणि मग नेटवर्कची केबल काढून पुन्हा रीबूट करायचं. आज हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये होतं, त्यामुळे पूर्वीसारखं आपलं एकुलतं एक यंत्र पणाला लावावं लागत नाही.

जिथे स्क्रिप्ट नेता येत नाही

ओपनबीएसडी याच घराण्यातली असूनही तिथे हा क्रम लागू होत नाही. तिने 2011 मध्ये, 4.9 आवृत्तीत, आरसी डॉट डी आणली खरी, पण स्वतःच्या धाटणीची. आरसीऑर्डर घेतला नाही, कमेंटांतून क्रम काढणं नाही. मूळ सिस्टिममधल्या सर्व्हिसांचा क्रम मुख्य आरसी फाइलमध्येच लिहिलेला, आणि बाहेरच्या सर्व्हिसांची नावं यंत्राच्या मालकाने एका ओळीत ज्या क्रमाने लिहावीत त्या क्रमाने त्या सुरू होतात. स्क्रिप्टा मात्र कमालीच्या आटोपशीर, अनेकदा दहा ओळींच्या आत. इथे नेटबीएसडीची फाइल आणून दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. प्रोग्रॅम कुठल्या पर्यायांसह चालतो तेवढं जुन्या फाइलमधून उचलायचं आणि बाकी नव्याने लिहायचं. नाव एक, जागा एक, म्हणून रचनाही एक असेल असं धरून चालणाऱ्याची इथे फसगत होते.

बदल कसा नोंदवायचा

या कामात कागदपत्रांची शिस्तही महत्त्वाची आहे. बदलांची नोंद ठेवणाऱ्या सीव्हीएसच्या काळात फाइलच्या डोक्यावर आवृत्तीची खूण आपोआप उमटत असे. ड्रॅगनफ्लायच्या अनेक जुन्या स्क्रिप्टांत या खुणा एकाखाली एक दिसत: वर नेटबीएसडीची, खाली फ्रीबीएसडीची, तिच्याखाली ड्रॅगनफ्लायची. फाइल कुठून निघाली, कुठे थांबली, कोणत्या आवृत्तीवर उचलली हे त्या तीन ओळींतच कळे. मूळ प्रकल्पात नंतर एखादी दुरुस्ती झाली तर नेमका कोणता फरक आणायचा, हेही त्यावरून ठरवता येई.

हल्ली फ्रीबीएसडी आणि ड्रॅगनफ्लाय गिट वापरतात आणि तिथे अशा खुणा उमटत नाहीत, म्हणून ती माहिती कमिटच्या मजकुरात लिहावी लागते. त्यासाठीचा जुना रिवाज अजूनही कामाचा आहे: पहिल्या कमिटमध्ये परकी फाइल जशीच्या तशी, एक स्पेसही न बदलता. दुसऱ्या कमिटमध्ये आपल्या सिस्टिमसाठीचे बदल, कारणासह. असं केलं की तपासणाऱ्याला दोनशे ओळी न वाचता बदललेल्या बाराच वाचाव्या लागतात. वर, त्या बारांतली एखादी ओळ मूळ फाइलमधलीच चूक दुरुस्त करणारी निघाली, तर तेवढाच पॅच मूळ प्रकल्पाकडे परत पाठवता येतो.

नवख्या स्वयंसेवकाने या कामात शिरायचं असेल तर सी भाषा येत नसली तरी चालतं. शेल वाचता आलं पाहिजे आणि रीबूट करायचा कंटाळा नसावा. व्हर्च्युअल मशीनमध्ये नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी शेजारी शेजारी बसवावी, दोन्हीकडे आरसीऑर्डर आरसी डॉट डीवर चालवून निघालेल्या याद्या समोर ठेवाव्यात आणि एकाच सर्व्हिसच्या दोन स्क्रिप्टांतला प्रत्येक फरक का आहे ते शोधावं. काही फरकांमागे कर्नल सापडेल, काहींमागे वापरणाऱ्यांची जुनी सवय, आणि काही फरक नुसतेच कुणीतरी आणायचे विसरलेले निघतील. पहिला पॅच पाठवायला या तिसऱ्या प्रकारातला एखादा निवडावा.